जिमची ऑफर काढण्याआधी हा हिशेब करा

जानेवारी लागला की गल्लोगल्ली जिमवर ‘वर्षाची फी निम्म्यात’ असे फ्लेक्स झळकतात. तुम्हीही छापायला टाकणार असाल, तर आधी हजेरीचे रजिस्टर उघडा. संध्याकाळी सहानंतर ट्रेडमिलसाठी लोक ताटकळतात? मग त्या वेळेवर एक रुपयाही सोडू नका. सूट द्यायची ती सकाळी अकरा ते दुपारी चारच्या बॅचला. जागेचे भाडे तेव्हाही चालूच असते, आणि गृहिणी, निवृत्त मंडळी, शिफ्टवाले यांना ती वेळ सोयीची पडते.

आता कागद-पेन घ्या. समजा महिन्याची फी १,५०० रुपये आहे आणि ऑफर तुम्ही सवलतीची कूपने ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीमार्फत देता. २००८ साली शिकागोत सुरू झालेल्या ग्रुपॉन या अशाच कंपनीने रुजवलेल्या पद्धतीत ग्राहकाला साधारण निम्मी सूट आणि उरलेल्यातला निम्मा वाटा कंपनीला जातो. म्हणजे ग्राहक ७५० देतो, तुमच्या हाती ३७५ येतात. जीएसटी नोंदणी असेल तर कर ग्राहकाच्या ७५० वर लागतो, तुमच्या ३७५ वर नाही (२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमचा दर १८ वरून ५ टक्के झाला, एवढाच दिलासा). कर बाजूला ठेवला आणि माणशी वरखर्च १०० धरला, तर उरले २७५. त्यात दहा जुन्या मेंबरांनी हीच ऑफर घेतली, तर प्रत्येकी १,१२५ प्रमाणे ११,२५० बुडाले. ते भरून काढायला ४१ नवी माणसे हवीत! दोन ट्रेडमिलच्या जिममध्ये ती मावणार कुठे?

म्हणून ऑफर फक्त नव्या मेंबरांना, एका महिन्यासाठी, ठरलेल्या वेळेतच. पावतीवर मूळ फी आणि सवलत दोन्ही छापा. पुढच्या महिन्यात ‘मागे तर साडेसातशेच घेतले होते’ हा वाद टळतो. जुन्यांच्या कानावर हे जाणारच. त्यांची मुदत आठवडाभर वाढवून द्या.

वर्षाची फी एकदम घेण्याचा मोह मोठा असतो. जानेवारीचा गल्ला मार्चपर्यंत संपतो, ऑगस्टचे भाडे मात्र द्यावेच लागते. पैसे वेगळ्या खात्यात ठेवून महिन्याला बारावा हिस्साच काढणे जमणार नसेल, तर तीन महिन्यांवर थांबा.

ऑफरवर आलेल्याचे वजन-माप ट्रेनरने पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे, चार दिवस दिसला नाही तर फोन करावा. महिनाअखेरीस पूर्ण फी भरून किती जण राहिले ते मोजा. वीसपैकी दोघे-तिघेच असतील, तर पुढच्या वेळी फ्लेक्सचा खर्च वाचवा आणि जुन्या मेंबराने आणलेल्या मित्राला आठवडाभर फुकट येऊ द्या.