कॉर्टिसोलची तपासणी : नमुना देताना आणि अहवाल वाचताना या चुका टाळा

झोप नीट लागत नाही, पोटाचा घेर वाढतो आहे, दिवसभर थकवा जाणवतो, अशा तक्रारींसाठी हल्ली अनेक जण डॉक्टरांना न विचारताच पॅकेजमधून कॉर्टिसोल तपासून घेतात आणि अहवालातला एकच आकडा पाहून घाबरून जातात किंवा उगाच निर्धास्त होतात. ताणाच्या प्रसंगी शरीराला सावरणारे हे महत्त्वाचे संप्रेरक आहे, परंतु थर्मामीटरने ताप मोजावा तसा त्यावरून मनावरचा ताण मोजता येत नाही. रक्तातील साखर आणि रक्तदाब टिकवून ठेवण्याचे रोजचे कामही तेच करते. त्यामुळे जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा जोरकस व्यायाम यांनीही त्याची पातळी वाढते.

सर्वांत जास्त घोटाळा वेळेचा होतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ॲड्रिनल ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसोल पहाटेपासून वाढू लागते, जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी चढते आणि दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. सकाळी ८ वाजता १५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही पातळी अगदी सामान्य असते, पण हीच पातळी रात्री ११ वाजता आढळली तर पुढील तपास करावा लागतो. अहवालावर नमुना घेतल्याची, तो प्रयोगशाळेत पोहोचल्याची आणि अहवाल तयार झाल्याची अशा वेगवेगळ्या वेळा छापलेल्या असतात. त्यांपैकी पहिलीच पाहावी. रात्रपाळी करणाऱ्यांनी आपल्या झोपेच्या वेळा आधीच सांगाव्यात. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवताना एककही तपासावे, कारण १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे २७.६ नॅनोमोल प्रति लिटर, आणि हा फरक लक्षात न आल्यास पातळी एकदम कित्येक पटींनी वाढल्याचा भास होतो.

औषधांची माहिती न देणे ही दुसरी मोठी चूक, आणि माझ्या मते हीच सर्वांत धोकादायक आहे. दम्याचा पंप, सांध्यात घेतलेले इंजेक्शन, त्वचा उजळण्यासाठी महिनोन्‌महिने चोळलेले स्टिरॉइडयुक्त मलम यांना बरेच जण औषधात धरतच नाहीत. प्रत्यक्षात त्यांतील स्टिरॉइडमुळे शरीराची स्वतःची कॉर्टिसोलनिर्मिती मंदावू शकते. याउलट, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड काही चाचण्यांत कॉर्टिसोल म्हणूनच मोजले जाते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आणि गरोदरपणात कॉर्टिसोलला बांधून ठेवणारे प्रथिन वाढते, त्यामुळे रक्तातील एकूण आकडा फुगतो, पण शरीराला प्रत्यक्ष उपलब्ध असलेले मुक्त कॉर्टिसोल त्या प्रमाणात वाढलेले नसते. केसांसाठी घेतलेले बायोटिनही काही चाचण्या बिघडवते. म्हणून गोळ्या, मलमे, पंप यांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवावी. मात्र तपासणीसाठी म्हणून स्टिरॉइड स्वतःहून एकाएकी बंद करू नये, कारण त्याने जीवावर बेतू शकते.

लाळेचा नमुना द्यायचा असेल तर त्याआधी खाणे, दात घासणे टाळावे, हिरड्यांतून रक्त येत असेल तर सांगावे आणि हाताला स्टिरॉइडचे मलम लागलेले नाही याची खात्री करावी. खोकल्यासाठी चघळलेल्या ज्येष्ठमधामुळेही लाळेतील कॉर्टिसोल खोटेच जास्त दिसू शकते. कुशिंग आजाराच्या (शरीरात कॉर्टिसोल प्रमाणाबाहेर वाढण्याच्या विकाराच्या) शंकेमुळे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची चाचणी सांगितली असेल, तर १ मिलिग्रॅमची गोळी रात्री ११ ते १२ च्या दरम्यान घेऊन सकाळी ८ ते ९ या वेळेत रक्त द्यावे लागते आणि तेव्हा कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली येणे अपेक्षित असते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन किंवा फिटांवरील फेनिटॉइन चालू असल्यास डेक्सामेथासोन शरीरातून लवकर निघून जाते आणि निकाल फसवा येतो.

जनावरांच्या बाबतीत नमुना घेण्याची क्रियाच आकडा बदलते. गाय खोड्यात अडकवून, झटापट करून मिळवलेले रक्त गोठ्यातील ताणाऐवजी खोड्यातला ताण सांगते, कारण पकडल्यापासून दोन-तीन मिनिटांतच कॉर्टिसोल चढू लागते. कुत्र्याची लघवी याच कारणाने दवाखान्यात न घेता घरी घेऊन न्यावी. उंदीर आणि कोंबड्या यांच्यात तर मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन असते, त्यामुळे त्यांच्यासाठी कॉर्टिसोलचे किट मागवणे हा निव्वळ पैशांचा अपव्यय होय.

वन्यप्राण्यांच्या ताज्या विष्ठेतील या संप्रेरकांचे अवशेष मोजण्याची पद्धत प्राण्याला हातही न लावता वापरता येते, म्हणून ती मला फार मोलाची वाटते; पण त्या विष्ठेत त्या क्षणाचा नव्हे, तर काही तासांपूर्वीचा किंवा आदल्या दिवसाचा ताण असतो. ती उन्हात, पावसात पडून राहिली की जिवाणू हे अवशेष बदलून टाकतात. आकड्याचा अर्थ लावताना आणखी सावध राहावे लागते. कर्नाटकात पिकांत शिरणाऱ्या हत्तींवर माणसांच्या हाकाट्यांमुळे जास्त ताण असेल असे कोणालाही वाटेल, परंतु बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना त्यांच्या विष्ठेतील पातळी जंगलातल्या हत्तींपेक्षा कमी आढळली, आणि सकस चारा हे त्यामागचे संभाव्य कारण त्यांनी मांडले. त्यामुळे नमुना गोळा करताना ऋतू, चारापाण्याची स्थिती, प्राण्याचे लिंग व अंदाजे वय आणि विष्ठा किती वेळापूर्वीची आहे, हे सारे जागेवरच लिहून घ्यावे आणि नमुना लगेच बर्फात ठेवावा.