बंदुकीच्या लाकडी दस्त्याचे तेलपॉलिश कसे राखावे

जुन्या दुनळी बंदुकीचा दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असतो आणि चांगल्या बंदुकीत त्याला वार्निश न मारता तेल मुरवलेले असते. वार्निश लाकडावर काचेसारखे बसते. त्याला चीर पडली की पापुद्रे सुटू लागतात आणि सगळे खरवडून नव्याने करावे लागते. तेल मात्र लाकडाच्या रंध्रांत शिरून तिथेच घट्ट होते, म्हणून ओरखडा उठलाच तर तेवढीच जागा चोळून सारखी करता येते. अशा दस्त्याला थोडी, पण नियमित निगा लागते, आणि त्या निगेत चूक होते ती जवळजवळ नेहमी एकच: तेल जास्त लावले जाते.

तेल जवसाचेच घ्यावे. ते पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट व चिवट होते. घाण्याच्या कच्च्या तेलाला त्यासाठी कित्येक दिवस लागतात. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलात वाळवणारे क्षार असल्याने ते साधारण एका दिवसात सुकते, मात्र ते खाण्याचे नव्हे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल कधीही लावू नये, कारण ते वाळतच नाही. धूळ धरते आणि पुढे त्याला खवट वास येतो. सिलिकॉन असलेला फर्निचरचा स्प्रेही टाळावा, कारण त्यावर नंतर दुसरे काही नीट धरत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग दस्त्यावर एका बाजूला पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब मण्यासारखा टिकून राहिला तर कोरड्या सुती कापडाने पुसण्यापलीकडे काही करायची गरज नाही. थेंब पसरून लाकूड तिथे गडद झाले, तर तेलाची वेळ आली आहे असे समजावे आणि ओल पूर्ण सुकू द्यावी.

हाताचा घाम आणि मळ मुठीच्या जागी सर्वांत जास्त बसतो. टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने तो काढावा. लोखंडी काथ्याने घासण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्याचे बारीक तुकडे रंध्रांत अडकतात, पावसाळ्यात गंजतात आणि अक्रोडातल्या टॅनिनशी मिळून काळे डाग पाडतात.

आता तळहातावर तेलाचे दोन-तीन थेंब घ्यावेत, तेवढे अर्ध्या दस्त्याला पुरतात. लाकडाच्या रेषेच्या दिशेने तळहात गरम होईपर्यंत चोळावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि वर राहिलेले सगळे तेल स्वच्छ कापडाने पुसून काढावे. पुसल्यावर बोट फिरवले तर ते ओले होता कामा नये. एकदा मी ऐन जुलैत, लाकूड तहानलेले दिसते म्हणून सढळ हाताने तेल लावून ठेवले होते; पंधरा दिवस दस्ता चिकट राहिला आणि ज्या पंच्यात गुंडाळला होता त्याचे तंतू त्यात रुतून बसले. ते सोडवायला टर्पेंटाइन घेऊन एक पूर्ण दुपार बसावे लागले. एरवी तेलाच्या एका हातानंतर (थरानंतर) दुसरा देण्यापूर्वी एक दिवस पुरतो, पण कोकणातल्या पावसात दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. मुठीवरच्या जाळीदार खाचांत तेल साचून डिंकासारखे होते. तिथे जुन्या टूथब्रशने नाममात्र तेल लावून लगेच कोरडे करावे.

दस्त्याला खोच पडली असेल, पण लाकडाचे तंतू तुटले नसतील, तर ती वाफेने वर येते. खोचेवर ओल्या सुती कापडाची घडी ठेवून इस्त्रीचे टोक चार-पाच सेकंद टेकवावे, उचलून पाहावे आणि गरजेप्रमाणे पुन्हा टेकवावे. दबलेले तंतू फुगताना दिसतात; मात्र वाफ लोखंडी भागाकडे जाऊ देऊ नये. सुकल्यावर तिथे लव उभी राहते, ती बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासून नव्याने तेल द्यावे. तडा गेला असेल, तर ते काम परवानाधारक कारागिराचेच आहे.

तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कधीही ठेवू नयेत. जवसाचे तेल घट्ट होताना उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या ढिगात ती अडकून फडके आपोआप पेटू शकते. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

नळी साफ केल्यानंतर बंदूक काही तास नळीचे तोंड खाली करून टेकवावी. नाहीतर लोखंडाला लावलेले तेल खाली झिरपून दस्त्याच्या जोडात उतरते. ते वाळत नाही आणि काही वर्षांत तिथले लाकूड काळे व मऊ होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा चामड्याच्या खोळीत पावसाळाभर बंदूक बंद ठेवू नये, दोन्हींत ओल धरते.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर आधी किमान आठवडाभर नवे तेल लावू नये, म्हणजे तेलाचा ओलसर थर चिकट राहून धूळ धरणार नाही. परत आल्यावर प्रथम कोरड्या कापडाने पुसून, एक दिवस हवेशीर खोलीत ठेवून, मगच पाण्याचा थेंब टाकून पाहावा.