सुपरहिरो कॉमिक्समधील घरभेद्याची कथा कशी वाचावी

अशी कथा वाचायला घेतल्यावर निष्ठा बदलण्याचा निर्णय त्या पात्राने स्वतः घेतला आहे का, हे सर्वप्रथम तपासावे. २००५ साली कॅप्टन अमेरिकाच्या मालिकेत परतलेल्या त्याच्या जुन्या साथीदाराची, बकी बार्न्सची, स्मृती सोव्हिएतांनी पुसलेली असते, २००८ च्या 'सीक्रेट इन्व्हेजन'मध्ये जेसिका ड्रू (स्पायडर-वुमन) म्हणून वावरणारी स्त्री मुळात स्क्रलांची, म्हणजे रूप बदलणाऱ्या परग्रहवासीयांची, राणी असते आणि २०१६ मध्ये 'हेल हायड्रा' असा खलसंघटनेचा जयघोष करणाऱ्या स्टीव्ह रॉजर्सचा, म्हणजे खुद्द कॅप्टन अमेरिकाचा, तर भूतकाळच बदललेला असतो. अशा कथा रंजक असल्या तरी त्यांत फितुरीमागचे मन सापडत नाही.

ते सापडते मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या टेरामध्ये, म्हणजे टीन टायटन्स या तरुण सुपरहिरोंच्या चमूत हेर म्हणून शिरलेल्या मुलीमध्ये. तिच्या फितुरीच्या कथेचा 'द ज्युडास कॉन्ट्रॅक्ट' हा संग्रह सुटा विकत मिळतो, पण सुरुवात त्याने करू नये, कारण तो उघडेपर्यंत तिचे गुपित फुटलेले असते. १९८२ च्या अखेरीस आलेल्या 'न्यू टीन टायटन्स'च्या २६ व्या अंकापासून निघावे. ३४ व्या अंकात ती टायटन्सचा शत्रू डेथस्ट्रोक (खरे नाव स्लेड विल्सन) याला सामील असल्याचे वाचकाला कळते, टायटन्सना मात्र १९८४ उजाडेपर्यंत पत्ता नसतो. तेवढे वाचून झाले की मागे वळून हेच अंक पुन्हा वाचावेत. पहिल्या खेपेस पोरवयाचा फटकळपणा वाटलेली तिची वाक्ये आता निखळ तिरस्काराची वाटू लागतात.

पुढे हेरगिरीच्या साधनांकडे बारकाईने पाहावे. टेराच्या कॉन्टॅक्ट लेन्समध्येच कॅमेरा असतो, म्हणजे सोबत्यांशी नजरेला नजर देऊन बोलताना ती त्यांचे मुखवट्याविना असलेले चेहरे टिपत असते. तिच्यावर जीव जडलेल्या गारफिल्ड या टायटनच्या चौकटी हे लक्षात ठेवून पाहिल्या तर अंगावर काटा येतो.

हेराला कामाला लावणाऱ्याचा हिशेबही वेगळा मांडावा. स्लेड विल्सनने टायटन्सविरुद्धची सुपारी आपल्या मृत मुलाची अपुरी राहिलेली म्हणून उचललेली असते, त्यामुळे लेखक त्याला बापाच्या दुःखाची सवलत देतात आणि टेराला मात्र जन्मजात दुष्ट ठरवून मोकळे होतात. हा निवाडा वाचकाने मुकाट्याने स्वीकारू नये: एक प्रौढ भाडोत्री सैनिक अल्पवयीन मुलीला हाताशी धरतो, ही वस्तुस्थिती त्याच पानांवर चितारलेली आहे.

शेवटी तिसऱ्या वार्षिकांकात स्लेडचा दुसरा मुलगा जेरिको आपल्या शक्तीने बापाच्या शरीराचा ताबा घेतो, स्लेडच उलटला असे वाटून टेरा बेभान होते आणि स्वतःच उसळवलेल्या दगडमातीखाली गाडली जाते. इथे पुस्तक मिटू नये, कारण टायटन्स तिच्या भावापासून, जिओ-फोर्सपासून, तिची फितुरी लपवतात. आता लपवाछपवी करणारे नायकच असतात.