क्लाउनफिश पाळायचे तर आधी पाणी पाळा

खाऱ्या पाण्यात पाळायच्या माशांमध्ये क्लाउनफिश चांगलाच चिवट. त्यातही नवख्या माणसाने ऑसेलारिस किंवा परक्युला जातीचा घ्यावा. 'मरून' (गडद तांबड्या रंगाच्या) जातीचा क्लाउनफिश देखणा खरा, पण आकाराने मोठा आणि महाभांडखोर. लहान टाकीत तो दुसऱ्याला टिकू देत नाही. एवढे चिवट मासे पहिल्याच महिन्यात मरतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं: टाकी तयार होण्याआधीच मासे आणलेले असतात.

टाकी आणि सामान

एका जोडीला 100 लिटरची टाकी धरा. 60 सेंमी लांब, 40 रुंद आणि 45 उंच अशी काच त्यात बसते. 75 लिटरमध्येही जमतं, पण पाणी जितकं कमी तितकं तापमान आणि खारटपणा भराभर वरखाली होतो. म्हणून लहान टाकी सोपी हा समज चुकीचा आहे. पाणी, दगड, वाळू मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा स्टँड भक्कम आणि समतल हवा.

100 वॅटचा हीटर, वेगळा थर्मामीटर (हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका), तासाला 1000 ते 1500 लिटर पाणी फिरवणारा पंप आणि वर जाळीचं झाकण लागतं. क्लाउनफिश उडी मारतात. काचेच्या झाकणाने उडी अडते, पण उष्णताही कोंडते, जाळी बरी. या आकाराच्या टाकीत स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नसला तरी चालतं, पाणी नेमाने बदलणार असाल तर.

8 ते 10 किलो लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री दगड) किंवा कोरडा रीफ रॉक घ्या. दगड आधी थेट काचेच्या तळावर रचा आणि मग भोवती अरागोनाइट वाळूचा दोन-तीन सेंमी थर द्या. उलट केलंत तर मासे शेपटीने वाळू उकरतात आणि दगड ढासळतो.

खारं पाणी बनवणं

नळाच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट आणि कधी तांबंही असतं. शेवाळ माजतं, गोगलगाई आणि कोळंबी मरतात. आरओ-डीआय (गाळून सगळे क्षार काढलेलं) पाणी वापरा. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. पिण्याच्या साध्या आरओचं पाणी सहसा शून्यावर येत नाही.

मीठ मत्स्यालयासाठीचं रीफ सॉल्टच हवं, स्वयंपाकाचं नाही. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम, म्हणजे 20 लिटरच्या बादलीला 700 ते 760 ग्रॅम. नेमका आकडा कंपनीगणिक बदलतो. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका: एकाच जागी द्रावण दाट झालं की कॅल्शियम आणि कार्बोनेट पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. बादलीत छोटा पंप सोडून पाणी रात्रभर फिरू द्या, 25 अंशांवर आणा आणि मगच मोजा. लक्ष्य 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे विशिष्ट घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) 1.026 च्या जवळ. 1.023 पर्यंत खाली गेली तरी माशांना त्रास होत नाही. रोज बदलणाऱ्या आकड्याने मात्र होतो.

खारटपणा मोजायच्या हलत्या काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा खोटा वाढतो. त्याऐवजी रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या आणि तो 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा.

सायकलिंग (टाकीत जिवाणू वाढवणं): इथे घाई नको

माशांच्या विष्ठेतून आणि श्वसनातून अमोनिया सुटतो. जिवाणू त्याचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात, ते वाढवायचे असतात. अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया 2 पीपीएमवर (दहा लाख भागांत 2 भाग) आणा, बाटलीतले जिवाणू सोडा आणि दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने तपासा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल. याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. पुन्हा 2 पीपीएम अमोनिया टाका. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. मग निम्मं पाणी बदलून साठलेला नायट्रेट कमी करा. या काळात दिवे बंद ठेवा. दगडावर तपकिरी थर आला तर तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, आपोआप ओसरतो.

मासे निवडणं आणि सोडणं

टाकीत जन्मलेलेच मासे घ्या. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशमध्ये ब्रुक्लिनेला नावाचा परजीवी वारंवार आढळतो. दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा. जो खात नाही, धापा टाकतो किंवा ज्याच्या अंगावर पांढरट चिकटा आहे तो घेऊ नका.

सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. जोडीतला वरचढ मासा मादी होतो आणि पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन लहान पिल्लं, किंवा एक मोठा आणि एक स्पष्ट लहान अशी जोडी आणा. दोन प्रौढ माद्या एकमेकींच्या जिवावर उठतात. तिसरा मासा नकोच.

नवे मासे चार आठवडे वेगळ्या 40 लिटरच्या टाकीत ठेवा. तिथे हीटर, आधीपासून मुरलेला (जिवाणू वाढलेला) स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरे. औषधं इथेच द्यायची, कारण मुख्य टाकीत तांबं टाकलं तर दगड ते शोषतो आणि पुढे कोळंबी-गोगलगाई जगत नाहीत.

पिशवी 20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच घसरलेला असल्याने तो फारसा घातक नसतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे उघड्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. दुकानातला खारटपणा आधीच विचारून वेगळी टाकी त्याच आकड्यावर ठेवा, मासा जाळीने उचलून सोडा आणि नंतर रोज 0.001 ने घनता वाढवा. पिशवीतलं पाणी फेकून द्या.

रोजचं आणि आठवड्याचं

वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. काचेवर पातळीची खूण करा आणि रोज तेवढी घट साध्या आरओ-डीआय पाण्याने भरा. इथे खारं पाणी ओतत राहिलात तर खारटपणा चढतच जातो. आठवड्याला 10 ते 15 लिटर तयार खारं पाणी बदला. तापमान 25 ते 27 अंश, पीएच 8.1 ते 8.4, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 20 पीपीएमच्या आत.

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. बारीक दाणे आणि गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे चिमुकले जीव) आलटून पालटून द्या. मायसिस वितळवून वरचं पाणी ओतून टाका, नाहीतर नायट्रेट वाढतो.

आजार कोणता, सवय कोणती

रात्री कोपऱ्यात आडवं पडून झोपणं, हीटरपाशी तासन्तास घुटमळणं या सवयी आहेत. लहान मासा मोठ्यासमोर तिरका होऊन थरथरतो, तो शरणागती दाखवत असतो.

अंगावर मिठासारखे सुटे ठिपके दिसले तर तो मरीन इक हा परजीवीचा आजार. वेगळ्या टाकीत तांब्याचं औषध द्या, टेस्ट किटने रोज मोजून. मुख्य टाकी 76 दिवस माशांविना ठेवा, म्हणजे तिथला परजीवी माशाअभावी मरतो. बारीक धुळीसारखा थर, जलद श्वास आणि उजेड टाळणं म्हणजे व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवीचा आजार. यात दोन-तीन दिवसांत मासा जातो, वाट पाहू नका. चिकटा सुटून कातडी सोलल्यासारखी दिसली तर ब्रुक्लिनेला. त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मेलिनची अंघोळ लागते.

समुद्रफूल हवंच का?

समुद्रात क्लाउनफिश समुद्रफुलाच्या (सी अ‍ॅनिमोन) आसऱ्याने राहतो, पण टाकीत ते हवंच असं नाही. तो समुद्रफुलाविना वर्षानुवर्षं मजेत राहतो. हौस असेल तर समुद्रफुलाची बबल-टिप जात घ्या, पण टाकीला सहा-आठ महिने झाल्यावर आणि दिवे रीफसाठीचे असतील तरच. समुद्रफूल जागा सोडून सरकतं. पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी नसेल तर आत ओढलं जाऊन चिरडतं आणि एका रात्रीत सगळं पाणी नासवतं. इतकं करूनही मासे त्याच्याकडे ढुंकून न बघता पंपालाच घर मानतील, तर त्यांना तिथेच राहू द्या.