एक्स-विंग खेळताना नियमावर घोडं अडलं तर

स्टार वॉर्सच्या जहाजांची टेबलावरची लढाई म्हणजे एक्स-विंग. २०१२ साली फँटसी फ्लाइट गेम्सने हा खेळ आणला, २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, आणि २०२२ मध्ये ॲटॉमिक मास गेम्सने नियमांत पुन्हा मोठी उलथापालथ केली. २०२४ मध्ये याच कंपनीने खेळाचं पुढचं काम थांबवलं. त्यामुळे आता वरून नवा खुलासा येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, जे छापलंय त्यातूनच उत्तर काढायचं. बहुतेक वेळा ते निघतं. अडतं ते प्रश्न भोंगळ असतो म्हणून. खालचे सगळे नियम २०१८ च्या आवृत्तीचे आहेत.

आधी हात बाजूला

वाद सुरू झाला की कुणीतरी ‘हे बघ, मी इथे होतो’ म्हणत जहाज उचलतं. तिथेच पुरावा गेला. लहान जहाजाचा बेस, म्हणजे खालची चौकोनी बैठक, जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो. दोन मिलिमीटर सरकला तरी अंतराचा पट्टा, म्हणजे रेंज, बदलू शकतो. फोटो घ्यायचाच तर बरोबर डोक्यावरून घ्या. तिरक्या फोटोत बेसच्या कडा कुठे संपतात ते कळत नाही. फासेही जागच्या जागी राहू द्या, आणि पुन्हा टाकलेले फासे वेगळे ठेवायची सवय लावा. एका हल्ल्यात कुठलाही फासा एकदाच पुन्हा टाकता येतो. ढीग एकत्र झाला की कोणता टाकून झाला हे देवालाच ठाऊक.

मग आवृत्ती विचारा

निम्मे वाद इथेच मिटतात. हाउलरनर या पायलटचं उदाहरण घ्या. ती जवळच्या आपल्या जहाजाला मुख्य शस्त्राच्या हल्ल्यात एक फासा पुन्हा टाकू देते. पहिल्या आवृत्तीत तिच्या कार्डावर ‘अनदर फ्रेंडली शिप’ असं होतं, म्हणजे तिच्याखेरीज आपलं दुसरं जहाज. दुसऱ्या आवृत्तीत ‘अ फ्रेंडली शिप’ झालं. नव्या नियमांत जहाज स्वतःलाही फ्रेंडली धरतात, म्हणून हाउलरनर स्वतःच्या मुख्य शस्त्राच्या हल्ल्यातही एक फासा पुन्हा टाकू शकते. जुना खेळाडू ‘नाही चालत’ म्हणतो, नवा ‘चालतं’ म्हणतो. आपापल्या कार्डापुरते दोघंही बरोबर!

कार्ड इंग्रजीतच मोठ्याने वाचा

आपण मराठीत खेळतो, बोलतो, पण कार्ड इंग्रजीत असतं आणि मनातल्या मनात भाषांतर करताना नेमका महत्त्वाचा शब्द निसटतो. ‘ॲट रेंज १’ आणि ‘विदिन रेंज १’ या दोन्हींचं आपण ‘रेंज एकच्या आत’ करून टाकतो. ‘ॲट’ म्हणजे बेसचा सगळ्यात जवळचा बिंदू त्या पट्ट्यात असला की झालं. ‘विदिन’ म्हणजे आख्खा बेस आत हवा. तसंच ‘मे’. हा शब्द असेल तर ती गोष्ट करणं तुमच्या मर्जीवर, नसेल तर करावीच लागते, मग ती अंगाशी आली तरी. कार्ड आणि रूल्स रेफरन्स (अधिकृत नियमपुस्तिका) यांचं पटत नसेल तर कार्डाचं ऐकायचं. पण कुठेही ‘कॅनॉट’ आलं की त्यापुढे कुणाचं चालत नाही.

पायलटच्या गोष्टीवरून, जहाजाच्या चित्रावरून किंवा ‘खऱ्या लढाईत असं झालं असतं का’ यावरून काहीही ठरवायचं नाही. हा मुद्दा फार हिरिरीने मांडला जातो आणि त्याचा उपयोग शून्य.

नेमकी पायरी सांगा

फोकस म्हणजे हल्ल्याच्या फाशांवर आलेले डोळे हिटमध्ये बदलणारं टोकन. ‘मला फोकस वापरता येईल का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘हल्ल्याचे फासे पडलेत, बचाव करणाऱ्याने त्यात बदल करून झालाय, आता मी फोकस वापरू का?’ याला आहे, आणि ते ‘हो’ आहे. हल्ल्याच्या फाशांत आधी बचाव करणारा बदल करतो, मग हल्ला करणारा. बचावाच्या फाशांत उलटं, आधी हल्ला करणारा, मग बचाव करणारा. थोडक्यात, ज्याचे फासे त्याची पाळी शेवटी. एवढं ध्यानात असलं की बरीच भांडणं होतच नाहीत.

समजा एक्स-विंग जहाजाने रेंज २ वरून तीन लाल, म्हणजे हल्ल्याचे, फासे टाकले. एक हिट, एक डोळा, एक कोरा. हाताशी फोकस आहे आणि लॉकही, म्हणजे शत्रूवर लावलेलं टोकन, जे खर्चून फासे पुन्हा टाकता येतात. आपल्या पाळीत दोन्हींचा क्रम आपण ठरवायचा, पण तो चुकला की नुकसान होतं. आधी लॉक खर्चून कोरा फासा पुन्हा टाकला आणि त्यावर डोळा आला, तर फोकसने दोन्ही डोळे हिट होतात. आधी फोकस वापरला, तर नंतर आलेला डोळा तसाच वाया. इथे नियम अडवत नाही, घाई नडते.

एकाच क्षणी दोघांच्या क्षमता सुरू होत असतील तर त्या रांगेत लावायच्या. आधी फर्स्ट प्लेअरच्या, मग दुसऱ्याच्या. स्वतःच्या दोन असतील तर क्रम आपला आपण लावायचा. मधेच एखादीमुळे नवी क्षमता सुरू झाली, तर ती रांगेत पुढे येते.

नेहमी अडणाऱ्या तीन जागा

अंतर. हल्ल्याचं अंतर बेसच्या जवळच्या टोकापर्यंत मोजतात हे अर्धसत्य आहे. ते टोक तुमच्या फायरिंग आर्कमध्ये, म्हणजे माऱ्याच्या कोनात, असायला हवं. शत्रूचा जवळचा कोपरा रेंज २ मध्ये पण आर्कबाहेर, आणि आर्कमधला भाग रेंज ३ मध्ये असेल, तर हल्ला रेंज ३ चा. मुख्य शस्त्राचा हल्ला असेल तर बचावाला एक हिरवा फासा जादा मिळतो. लॉक लावताना मात्र आर्क बघायचा नाही, सरळ जवळच्या बिंदूपासून जवळच्या बिंदूपर्यंत मोजायचं.

टक्कर. वाटेत दुसऱ्या जहाजावरून गेलं तर काही बिघडत नाही, शेवटची जागा महत्त्वाची. ती व्यापलेली असेल तर टेम्प्लेटवरूनच (हालचाल मोजायच्या पट्टीवरूनच) मागे यायचं, बेसला बेस टेकेपर्यंत. ॲक्शन, म्हणजे फोकस, लॉक वगैरे घ्यायची संधी, जाते. पण वळण (हालचाल) लाल, म्हणजे अवघड, होतं तर स्ट्रेसचं टोकन येतंच आणि निळं, म्हणजे सोपं, होतं तर जातंच. ‘अर्धंच वळण झालं’ ही सबब चालत नाही. ज्याला टेकलोय त्याच्यावर तोफ डागता येत नाही, समोरच्या तिसऱ्यावर खुशाल डागा. २०२२ च्या नियमांत टक्करीचा हिशेब बदललाय, म्हणून आवृत्ती आधी विचारायची.

मेलेलं जहाज. दोघांचा इनिशिएटिव्ह (लढण्याचा क्रम ठरवणारा पायलटचा आकडा) सारखाच ४ असेल आणि पहिल्याने दुसऱ्याला उडवलं, तर दुसरं जहाज लगेच उचलायचं नाही. इनिशिएटिव्ह ४ ची सगळी जहाजं लढून होईपर्यंत ते टेबलावर राहतं आणि आपला हल्ला करतं. मात्र मिळालेल्या उघड्या डॅमेज कार्डांचा परिणाम सोसूनच.

तरीही सुटलं नाही तर

घरगुती खेळात पाच मिनिटांहून जास्त पीडीएफ चाळत बसू नका. लाल फासा टाका. हिट किंवा क्रिट (जास्त जोराचा हिट) आला तर एकाचं खरं, डोळा किंवा कोरा आला तर दुसऱ्याचं. आठ बाजूंपैकी चार-चार असल्याने संधी अगदी सारखी. तो निर्णय त्या सामन्यापुरता. स्पर्धेत असाल तर जजला बोलवा आणि तो येईपर्यंत टेबलावरचं काही हलवू नका.

सामना संपल्यावर प्रश्न लिहून काढा. आवृत्ती, पायरी, दोन्ही कार्डांचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा, कुणाकडे कोणते टोकन होते, आणि शेवटी हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. लिहितालिहिताच उत्तर सापडण्याची शक्यता मोठी असते, कारण कार्डातला ‘आफ्टर’ आपण इतके दिवस ‘व्हाइल’ म्हणून वाचत होतो हे तेव्हा कुठे लक्षात येतं.