पोटाची औषधं घड्याळ पाहून घ्यायची असतात

बद्धकोष्ठाची गोळी रात्री गरम दुधाबरोबर घेतली, आणि सकाळी पोट साफ होण्याऐवजी मध्यरात्रीच मुरडा सुरू झाला, ही नेहमीची तक्रार. इथे दोष गोळीचा नसतो, दुधाचा असतो. बिसाकोडिलच्या 5 मिलिग्रॅमच्या गोळीवर एक आवरण असतं. जठरातल्या आम्लात ते टिकतं आणि पुढे आतड्यात, जिथे आम्ल नाही, तिथे विरघळतं. दूध किंवा अँटासिड घेतलं की जठरातलं आम्ल तात्पुरतं मारलं जातं, आवरण तिथेच सुटतं आणि औषध जठरालाच ढवळू लागतं. गोळी साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची, दूध आणि अँटासिड तिच्यापासून किमान एक तास लांब. तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही.

पोटाची बहुतेक औषधं वाया जातात ती अशीच, चुकीच्या वेळेमुळे किंवा कमी पाण्यामुळे. औषध कुठे काम करतं हे एकदा कळलं की वेळ पाठ करावी लागत नाही.

आधी स्वतःच्या गोळ्या तपासा

रेचक विकत घेण्याआधी घरातल्या औषधांच्या डब्यात डोकवा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, नैराश्यासाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात ते अमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठीचं व्हेरापामिल, ॲल्युमिनियम असलेलं अँटासिड, ही सगळी मल घट्ट करतात. पित्तासाठी एक बाटली आणि त्या बाटलीने झालेल्या बद्धकोष्ठासाठी दुसरी, असं चक्र पुष्कळ घरांत चालू असतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नका, पण "यामुळे पोट घट्ट होतं का?" हे जरूर विचारा.

इसबगोल: औषध कमी, पाणी जास्त

गुजरातेत उंझा-सिद्धपूरच्या पट्ट्यात प्रक्रिया होऊन येणारा हा भुसा म्हणजे बियांवरची साल. तो पचत नाही, पाणी धरतो आणि मलाला आकारमान देतो. पाणीच मिळालं नाही तर तो धरणार काय? कमी पाण्यात घेतलेला इसबगोल बद्धकोष्ठ वाढवतो, आणि क्वचित अन्ननलिकेतच फुगून अडकतो.

भुसा फार हलका असतो. चहाचा सपाट चमचा भरून साधारण 2 ग्रॅम होतो. पहिले तीन-चार दिवस रोज एकच चमचा घ्या, मग दोन, आणि गरज पडली तर दोन चमचे दिवसातून दोनदा. पहिल्याच दिवशी मोठे चमचे भरून घेतले की गुबारा धरतो आणि माणूस तिसऱ्या दिवशी डबा फडताळात मागे ढकलतो. एका वेळच्या मात्रेला 240 मिलिलिटर, म्हणजे मोठा ग्लासभर पाणी. भुसा टाकला, ढवळला, लगेच प्यायला. पाच मिनिटं ठेवून जेली झालेला इसबगोल चमच्याने खाण्यात काही हशील नाही. त्यावर आणखी अर्धा ग्लास पाणी प्या. कोमट दुधातून घ्यायची पद्धत जुनी आहे आणि चालते, पण वरचं पाणी सुटत नाही.

परिणाम दिसायला 12 ते 72 तास लागतात. म्हणून "काल घेतला, आज काही नाही" हा निष्कर्ष घाईचा. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. इतर कोणतंही औषध त्याच्या दोन तास आधी किंवा नंतर, कारण जेलीत अडकलेली गोळी नीट शोषली जात नाही. गिळायला त्रास असणाऱ्यांनी, आतड्यात अडथळा असणाऱ्यांनी आणि अंथरुणाला खिळलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या वृद्धांनी इसबगोल घेऊ नये.

लॅक्टुलोज आणि पीईजी

ही दोन्ही रेचकं (पीईजी म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आतड्यात पाणी ओढून धरतात. लॅक्टुलोजच्या सिरपमध्ये 15 मिलिलिटरला 10 ग्रॅम औषध असतं. मोठ्यांना दिवसाला 15 ते 30 मिलिलिटर, परिणाम 24 ते 48 तासांनी. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, म्हणून सुरुवातीला वायू होतो. मात्रा अर्ध्यावर आणून हळूहळू वाढवली की बहुतेकांना सोसतं. पीईजीची पावडर 17 ग्रॅम, साधारण एक ग्लास पाण्यात पूर्ण विरघळवून, दिवसातून एकदा. तिला एक ते तीन दिवस लागतात आणि वायू कमी होतो. गरोदरपणात आणि रोजच्या जुनाट बद्धकोष्ठासाठी डॉक्टर सहसा या गटाकडे वळतात. मुलांची मात्रा वजनावर ठरते, ती बाटलीच्या झाकणाने मोजायची गोष्ट नाही.

ढकलणारी औषधं

बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट आणि सोनामुखी आतड्याच्या स्नायूंना चेतवतात. तोंडाने घेतल्यावर 6 ते 12 तास लागतात, म्हणून वेळ रात्रीची. मोठ्यांना बिसाकोडिल 5 मिलिग्रॅम, फार तर 10. हेच औषध गुदद्वारातून ठेवलं तर 15 मिनिटं ते तासाभरात काम करतं. ते सकाळी, संडास मोकळा असताना.

"आयुर्वेदिक आहे, सवय लागत नाही" म्हणून रोज घेतल्या जाणाऱ्या चूर्णांच्या डब्यामागचा मजकूर वाचा. पुष्कळांत मुख्य काम सोनामुखी करते, आणि ती बिसाकोडिलच्याच गटातली आहे. आठवड्यातून एखादी वेळ ठीक. महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत घेऊन पातळ जुलाब होत राहिले तर शरीरातलं पोटॅशियम घटतं. मूत्रल औषधं किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरुग्णाला ते महागात पडतं. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. जोराचं रेचक मोठं आतडं बऱ्यापैकी रिकामं करतं, ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जातात. त्या दिवसांत शौचाला होत नाही ते बद्धकोष्ठ नव्हे. पण माणूस दुसऱ्या रात्री पुन्हा गोळी घेतो, आणि सवय लागते ती इथून.

एरंडेल मात्र रात्रीचं औषध नाही. ते लहान आतड्यातच काम सुरू करतं आणि दोन ते सहा तासांत धावपळ होते. सुटीच्या दिवशी सकाळी एरंडेल पाजायची जुनी रीत वेळेच्या हिशेबाने बरोबर होती, मुलांना उगाच पाजण्याच्या हिशेबाने नव्हे. गरोदर बाईने एरंडेल घेऊ नये. गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात.

गुलाबी-पांढऱ्या द्रव औषधांत लिक्विड पॅराफिन आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया एकत्र असतं. पॅराफिन मलाला वंगण लावतं. झोपलेल्या माणसाच्या तोंडात ओतलं तर ठसक्याबरोबर थेंब फुप्फुसात जातात आणि तेलाचा न्यूमोनिया होतो. वृद्धाला द्यायचंच असेल तर बसवून, आणि झोपण्याआधी बराच वेळ. महिनोन्‌महिने घेतल्यास अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी शोषली जातात. मॅग्नेशियम मूत्रपिंडांतून बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाला ही बाटली नको.

अंथरुणावरच्या वृद्धाला चार-पाच दिवस शौचाला झालेलं नाही आणि मग थोडं थोडं पाणी गळू लागलं, तर घरचे "हगवण लागली" म्हणून जुलाब थांबवायची गोळी देतात. प्रत्यक्षात खाली मलाचा खडा बसलेला असतो आणि पाणी त्याच्या बाजूने झिरपतं. तिथे जुलाब थांबवणारं लोपेरामाइडही नको आणि इसबगोलही नको. नर्स किंवा डॉक्टरांकडून खडा काढून घ्यावा लागतो.

पित्ताची औषधं

आपल्याकडे छातीत जळजळ, करपट ढेकर, मळमळ, अर्धशिशी, अंगावरच्या गांधी या सगळ्याला "पित्त" हा एकच शब्द आहे. गांधींवर अँटासिड पिऊन काही होत नाही. खालची औषधं फक्त आम्लासाठी आहेत.

अँटासिड आधीच तयार झालेल्या आम्लाला मारतं. उपाशीपोटी घेतलं तर जठर ते अर्ध्या तासात पुढे ढकलून देतं. जेवणानंतर तासाभराने घेतलं तर अन्नाबरोबर रेंगाळून दोन-तीन तास टिकतं. बाटली खालपर्यंत हलवा, नाहीतर वर नुसतं पाणी आणि तळाशी औषध. गोळी असेल तर पूर्ण चावून बारीक करा. अख्खी गिळलेली अँटासिडची गोळी फार उपयोगाची नाही. मॅग्नेशियम पोट सैल करतं आणि ॲल्युमिनियम घट्ट करतं, म्हणून बाटलीत दोन्ही घालतात. लोह आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक यांच्यापासून अँटासिड दोन तास दूर ठेवा, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक घ्यायचं असेल तर अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

फेसाळणाऱ्या फ्रूट सॉल्टची 5 ग्रॅमची पुडी म्हणजे पाऊण ग्रॅमहून अधिक सोडियम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी 2 ग्रॅमची मर्यादा सांगते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने रोज दोन पुड्या पिणं म्हणजे आळणी जेवणाची सगळी मेहनत पाण्यात.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांचं काम वेगळं. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. ही औषधं फक्त चालू असलेला पंप बंद करतात, आणि पंप चालू होतात ते जेवल्यावर. रक्तात औषध एक-दोन तासच भरपूर असतं. म्हणून नाश्त्याआधी 30 ते 60 मिनिटं, अनशापोटी. गोळी घेऊन दुपारपर्यंत काहीच खाल्लं नाही, किंवा पोटभर जेवून मग गोळी घेतली, तर बराच परिणाम वाया जातो. पूर्ण जोर यायला तीन ते पाच दिवस लागतात. जळजळ सुरू झाल्यावर लगेच आराम हवा असेल तर ते अँटासिडचं काम. कॅप्सूलमधले दाणे चिरडू नका, त्यांनाही बिसाकोडिलसारखंच आवरण असतं.

नेहमीचा कोर्स चार ते आठ आठवड्यांचा. कुठल्याही प्रतिजैविकाबरोबर ही गोळी जोडून द्यायची आपल्याकडची पद्धत बहुतेक वेळा निव्वळ सवय आहे, आणि आजार संपल्यावरही गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. दीर्घकाळ घेतल्याने बी-12 आणि मॅग्नेशियम घटू शकतं. दोन-तीन महिन्यांनंतर एकदम बंद केली तर आम्ल उसळून येतं आणि "गोळीशिवाय चालतच नाही" असं वाटतं. ती उसळी सहसा काही आठवड्यांत ओसरते. एक दिवसाआड घेत दोन आठवडे, मधल्या दिवशी लागलं तर अँटासिड, असं उतरता येतं. पण रक्ताची गुठळी रोखणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल, तर परस्पर बंद करू नका. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना ओमेप्राझोलऐवजी सहसा पँटोप्राझोल देतात, कारण ओमेप्राझोल त्या औषधाचा परिणाम कमी करतं.

घरात आम्ल कमी करणाऱ्या रॅनिटिडिनची जुनी पट्टी असेल तर टाकून द्या. त्यात एनडीएमए नावाची, कर्करोगाशी जोडली जाणारी अशुद्धी सापडल्यावर 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं आणि 2022 मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळलं गेलं. त्याऐवजी त्याच गटातलं फॅमोटिडिन आहे.

जुलाब लागले तर

ओआरएसची 20.5 ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. ग्लासात अर्धी पुडी टाकली तर खारटपणा वाढतो आणि मुलाला ते अपायकारक ठरतं. छोटी पुडी 200 मिलिलिटरची असते. पुडीवर लिहिलेलं वाचा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक 20 मिलिग्रॅम रोज, जुलाब थांबले तरी 14 दिवस. लोपेरामाइड मुलांना नाही, आणि ताप किंवा शौचात रक्त असेल तर मोठ्यांनाही नाही.

औषध न घेता डॉक्टर गाठायचे ते हे

छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ: अँटासिड पिऊन वाट पाहू नका, ते पित्त नसून हृदय असू शकतं. शौच डांबरासारखं काळं (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण चिकट आणि दुर्गंधी असेल तर रक्त समजा), शौचात लाल रक्त, घास अडकणं, वजन घटणं, पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणं. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वायूही सरत नाही, अशा वेळी रेचक देणं धोक्याचं.

एका दिवसाचं गणित

थायरॉइड, पँटोप्राझोल, लोह आणि इसबगोल, हे चारही चालू असलेल्या माणसाचा दिवस असा बसतो. सहाला थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर. सातला पँटोप्राझोल. पावणेआठला नाश्ता आणि चहा. अकराला लोह, लिंबूपाण्याबरोबर; चहा त्याच्या आसपास नको. एकला जेवण, जळजळ असेल तर दोननंतर अँटासिड. साडेपाचला इसबगोल, मोठा ग्लास आणि वर अर्धा. रात्री काही नाही. तीन दिवस शौचाला झालंच नाही तर चौथ्या रात्री दहाला बिसाकोडिलची एक गोळी, पाण्याबरोबर. हळदीचं दूध प्यायचंच असेल तर ते नऊच्या आत संपवा.