शॉपफ्लोअरवर नवे मॅनेजर झालात तर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझी हयात गेली. आधी टर्नर, मग सुपरवायझर, शेवटी प्रॉडक्शन मॅनेजर. बोलणी दोन्ही बाजूंनी खाल्ली आहेत, तेव्हा नव्याने खुर्चीत बसणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो.

"समजलं ना?" असं कामगाराला विचारू नका. बडोद्यात त्याला एकच उत्तर मिळतं, "हा साहेब." विचारायचंच तर असं विचारा: "आता पहिला जॉब कोणता लावणार? बोअर किती ठेवणार?" (जॉब म्हणजे मशीनवर लावायचा तुकडा, बोअर म्हणजे त्यातलं भोक.) एका कारखान्यात पाहिलेलं सांगतो. ग्राहकाने 32 मिमीच्या बोअरचं टॉलरन्स (मापात चालणारी सूट) एच8 वरून आणखी कडक एच7 केलं. म्हणजे आधी वर 0.039 मिमीपर्यंत चालायचं, आता 0.025 च. ऑफिसात मेल आला, सुपरवायझरने नव्या ड्रॉइंगचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली पटापट अंगठे उमटले. मशीनशेजारी मात्र जुनाच कागद लटकत होता, आणि हात ऑइलने माखलेला माणूस मोबाइल उघडत नाही, समोरचा कागद बघतो. दिवसभर 32.03 चे जॉब निघाले. जुन्या कागदाप्रमाणे अगदी बरोबर, नव्याप्रमाणे भंगार. मोठं झालेलं बोअर लहान कसं करणार?

म्हणून ड्रॉइंग बदललं की नवा कागद स्वतः नेऊन लावा, जुना काढून खिशात घाला आणि ऑपरेटरच्या तोंडून माप वदवून घ्या. रात्रपाळीच्या माणसाचंही तेच. लॉगबुकात लिहिलंच पाहिजे, पण जाणारा आणि येणारा मशीनपाशी पाच मिनिटं समोरासमोर उभे राहतील अशी सोय करा. पाळी बदलताना जितक्या गोष्टी हरवतात तितक्या स्टोअरमध्येही हरवत नसतील.

आता खालून वर येणारी बातमी. ही कधी सरळ येत नाही. ऑपरेटर गेटपासवर सही घ्यायला येतो आणि जाता जाता म्हणतो, "स्पिंडल जरा गरम वाटतंय." स्पिंडल म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा. तेवढ्यावर तुम्ही "तूच फीड (हत्यार सरकवण्याचा वेग) जास्त दिला असशील" म्हणालात की संपलं. पुढच्या वेळी बेअरिंग जाम झाल्यावरच तुम्हाला कळेल. उठा, त्याच्याबरोबर मशीनपर्यंत जा, आणि उत्तर देताना माणूस व वेळ सांगा: मेंटेनन्सवाला गुरुवारी दुपारी बघेल. गुरुवारी तो आला नाही, तर तेही तुम्हीच जाऊन सांगा.

एखादा कामगार सुपरवायझरला डावलून थेट तुमच्याकडे आला तर ऐकून घ्या, पण निकाल देऊ नका. सुपरवायझरला बोलवा, मग बोला. झापायचं असेल तर केबिनमध्ये. हेल्परसमोर नाही.

आपल्या मराठी माणसांसाठी खास: दांडिया बाजारचा कुणी फिटर भेटला की आपण लगेच मराठीत सुरू होतो. शेजारच्या पटेलभाईंना वाटतं, यांचं काहीतरी शिजतंय. कामाचं सगळं गुजरातीत बोला, मराठी चहाच्या टपरीवर.

सुट्ट्यांचंही आधीच बोला. 14 आणि 15 जानेवारीला, उत्तरायणात, इथे सगळी फौज पतंग घेऊन गच्चीवर असते. त्या आठवड्यात डिस्पॅच (माल पाठवणं) असेल तर डिसेंबरातच कारण सांगून कोण येणार ते ठरवा. 12 तारखेला बोर्डावर नोटीस चिकटवून उपयोग नाही.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. 20 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते. मालक आणि कामगार दोघांचे सभासद सारखे, एकूण दहाच्या वर नाहीत. समिती कागदावर ठेवू नका. पण माझं मत विचाराल तर पंख्यापासून हातमोज्यांपर्यंत प्रत्येक गोष्ट समितीपुढे जात असेल, तर सुपरवायझर काय करतोय ते आधी बघा.

राहिले तुमचे स्वतःचे साहेब. त्यांच्याकडे रडगाणं नेऊ नका आणि वाईट बातमी दाबूनही ठेवू नका. असं सांगा: "स्पिंडलचं बेअरिंग गेलंय, शुक्रवारचं डिस्पॅच अडेल. नवं उद्या दुपारी येतंय. रात्रपाळी दुसऱ्या मशीनवर लावली आहे. ग्राहकाला फोन तुम्ही करा, माझं ते ऐकणार नाहीत."